'द रेड शूज' या कोरियन भयपटात बूट गुलाबी का? आणि शाप नेमका कुणाला लागतो?

मूळ कोरियन नाव 'बुनहोंगशिन', म्हणजेच 'गुलाबी बूट'. 'लाल' आला तो इंग्रजी नावातून. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या लाल बुटांच्या परीकथेचा धागा यात आहे, त्यामुळे इंग्रजीत तेच नाव पडलं. दिग्दर्शक किम योंग-ग्युन, वर्ष 2005. शोधताना वर्ष टाकाच, नाहीतर 1948 चा ब्रिटिश चित्रपट समोर येतो.

शापाचं म्हणाल तर पहिलाच प्रसंग नीट बघा. भुयारी रेल्वेच्या निर्मनुष्य फलाटावर एका शाळकरी मुलीला हे उंच टाचांचे बूट सापडतात, मैत्रीण ते हिसकावते आणि पाय गमावते ती मैत्रीण! म्हणजे शाप हव्यासाला, दुसऱ्याकडून ओरबाडण्याला आहे. म्हणूनच डोळ्यांची डॉक्टर असलेली सन-जे (किम हे-सू) आणि तिची चिमुरडी यांच्यातली बुटांवरून होणारी ओढाताण सगळ्यात जास्त अंगावर येते. आई लेकीच्या पायातून बूट खेचते, तेव्हा भीती भुताची राहतच नाही.

उत्तरार्धात कथा जपानी राजवटीतल्या नर्तकींकडे वळते. तिथे लक्ष हटलं तर शेवट कळत नाही.