रॉड चिकटतोय म्हणून मशीन बदलू नका, आधी वायर बघा

“मित्राचं २०० अँपिअरचं वेल्डिंग मशीन आणून बघितलं, रॉड सारखा चिकटतो, म्हणून २५० चं घ्यावं म्हणतोय.” तुमचं हे वाक्य वाचलं आणि मला माझे बुडालेले पैसे आठवले. रोह्याकडे घर आहे, गच्चीवर कुंड्यांचे स्टँड आणि मागच्या दाराला जाळी करायची आहे, बजेट आठ हजार, असं तुम्ही लिहिलंय. आणि जाता जाता हेही लिहिलंय की करंट घेतलाय स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या पॉइंटवरून, एक्स्टेन्शन लावून. सगळी गोम तिथेच असणार.

आधीच सांगतो, मी वेल्डर नाही आणि वायरमन तर नाहीच. बँकेत नोकरी केली, रविवारी हे उद्योग केले. वायरिंगचं जे लिहितोय ते लायसनवाल्या माणसाला दाखवूनच करा. रॉड कसा धरायचा, आर्क (रॉड आणि लोखंड यांच्यामधली विजेची ज्योत) कसा काढायचा याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते सगळं सोडून देतो.

२०१८ च्या दिवाळीत मी चिपळूणच्या बाजारातून ६,२०० रुपयांचं इन्व्हर्टर मशीन, म्हणजे हलकं, इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन घेतलं. निमित्त वानरांचं. परसातल्या भाजीच्या वाफ्यांवर पिंजरा करायचा होता. फॅब्रिकेशनवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात वर्षभराची भाजी विकत येईल आणि वर वानरांनाही घालता येईल. मग मीच करतो म्हटलं. घराचं वायरिंग जुनं, १९९४ चं. परसापर्यंत पोचायला ३० मीटरची पिवळी वायर आणली, ड्रमवर गुंडाळलेली, दिसायला दणकट. आतली तार एक एमएमची (वायरीत एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर) आहे हे मी तेव्हा बघितलंच नाही.

पहिल्या दिवसापासून रॉड चिकटायला लागला. टेकवला की चर्र आवाज, एखादी ठिणगी, की बसलाच. ओढावं तर होल्डरमधून सुटून पाइपवर उभा, उदबत्तीसारखा. मी नवशिका, माझाच हात वाईट असेल म्हणून अँपिअर वाढवत गेलो. ९० चे १२०, १२० चे १५०. मग एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडायला लागला. आता माझा शहाणपणा ऐका. ओळखीच्या वायरमनला बोलावलं आणि १६ चा एमसीबी काढून तिथे ३२ चा बसवून घेतला. जुन्या वायरीवर! त्यानेही काही विचारलं नाही, मीही नाही. एमसीबी पडायचा थांबला, रॉड चिकटायचा काही थांबला नाही.

एमसीबी मशीनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. वायर झेपेनाशी झाली की तो पडतो, तेच त्याचं काम. मी भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधून निवांत झोपलो होतो. या सगळ्या प्रकरणात माझी सर्वांत मोठी चूक हीच.

दुकानदार म्हणाला मशीनमध्ये दोष असेल, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. ते घाटावर. मशीन तांदळाच्या गोणीत घालून, मांडीवर घेऊन एसटीने कुंभार्ली घाट चढून गेलो. तिथल्या पोराने प्लग लावला, रॉड टेकवला आणि माशीच्या पंखाएवढीही अडचण न येता सरळ टाका ओढून दाखवला. “काका, लोण्यासारखं चालतंय की!” घरी आलो, पुन्हा तेच. असा तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी “दोष आढळला नाही” असं लिहिलेला कागद आणि तपासणीचे ३५० रुपये. तीन खेपांत तिथल्या एकाही माणसाने विचारलं नाही की तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं, वायर कुठली लावता. एक प्रश्न. तेवढा विचारला असता तर पुढचं टळलं असतं. विचारायला पैसे पडतात का?

पुढचं असं. मशीन घेतल्याच्या अकराव्या महिन्यात, नवरात्राच्या सुमाराला, संध्याकाळी काम करत होतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं ते वेगळंच. अचानक रबर जळाल्याचा वास आला. ड्रमपाशी गेलो तर आतले वेढे एकमेकांत वितळून गोळा झालेला. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, आतले वेढे आधी जातात. तेवढ्यात मशीनमध्ये टप्प झालं आणि पंखा थांबला. नशीब की वायर परसात होती, माळ्यावरून गेलेली नव्हती.

वॉरंटी होती म्हणून चौथी खेप. तिथे त्यांनी मशीन उलटं केलं आणि बोट दाखवलं, सील तुटलंय. तुटलं होतंच. पावसाळ्यात कुंभारीण माशीने पंख्याच्या जाळीत मातीचं घर केलं होतं, ते काढायला मीच वरचा पत्रा उघडला होता. हे सांगितलं तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही. बोर्डाचे ३,८०० रुपये सांगितले, ६,२०० च्या मशीनवर. नाव लिहीत नाही, वाद नको. पण कोकणात राहणाऱ्या माणसाचं मशीन वर्षभरात उघडावंच लागतं, हे त्या सिस्टीमला कोणीतरी सांगायला हवं.

शेवटी ज्यांचा आकडा महाग वाटला होता त्याच फॅब्रिकेशनवाल्यांकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी जळकं मशीन पुढे केलं तर म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे, वायर दाखव.” दुसऱ्या दिवशी स्वतःचं छोटं मशीन घेऊन आले आणि माझ्याच पॉइंटला, तसल्याच दुसऱ्या एक्स्टेन्शनवर लावलं. त्यांचाही रॉड चिकटला! चाळीस वर्षं हात बसलेला माणूस. मला हसू की रडू कळेना. मग मल्टिमीटर लावला. नुसतं २१४ व्होल्ट. रॉड टेकवला की १६८. नंतर मीटरजवळच्या मेन स्विचवरून थेट चार एमएमची वायर ओढली, तेच मशीन, तोच रॉड. व्होल्टेज २०४ च्या खाली गेलं नाही आणि टाक्यावरचा कचरा पापुद्र्यासारखा आपोआप सुटून आला.

हिशोब सोपा आहे. एक एमएमची ३० मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर, तिचा रोध साधारण एक ओहम. म्हणजे दर अँपिअरमागे एक व्होल्ट वायरीतच गळतो. रॉडला ८० अँपिअर देताना ही स्वस्त मशीनं घरातून १४ च्या आसपास घेतात, १२० ला २३ ते २५. वर भिंतीतल्या जुन्या वायरीचं गळणं वेगळं. आणि इन्व्हर्टर असा की व्होल्टेज कमी झालं की तेवढीच ताकद काढायला तो जास्त करंट ओढतो. म्हणून चिकटतोय म्हणून नॉब वाढवला की आणखी चिकटतो. तुम्ही २५० चं मशीन घेणं म्हणजे हाच नॉब दुकानात जाऊन वाढवणं.

तेव्हा खरेदीच्या आधी एक करा. मिक्सरच्या पॉइंटवर मल्टिमीटर लावा (साधा चारपाचशेत मिळतो), आकडा लिहा. मग त्याच पॉइंटला दोन किलोवॅटचं काहीतरी, म्हणजे मोठा हीटर वगैरे, थोडा वेळ लावून पुन्हा बघा. पॉइंट निदान १६ अँपिअरचा, मोठ्या पिनांचा हवा. सहाचा असेल तर हा खेळ करूच नका, उत्तर मिळालंच. दोन किलोवॅटला नऊएक अँपिअर जातात, वेल्डिंगला दीडपट ते अडीचपट. नऊ अँपिअरलाच दहा-बारा व्होल्ट पडत असतील तर मशीनचे पैसे बाजूला ठेवा आणि मेनपासून गच्चीपर्यंत स्वतंत्र चार एमएमची तांब्याची लाइन, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग करून घ्या. बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघा. जुन्या घरांना एक-दोन किलोवॅटच असतो, वाढवायचा अर्ज करावा लागेल.

आता मशीन. तुमच्या कामाला, म्हणजे एक इंची चौरस पाइप १६ किंवा १८ गेज जाडीचा, पट्टी, थोडे अँगल, याला १२ नंबरचा रॉड, अडीच एमएम जाडीचा, ६०१३ या प्रकारातला. तो ६० ते ९० अँपिअरवर चालतो. दहा नंबर, म्हणजे ३.१५, कधीतरी लागेल, त्यालाही १३० च्या आत भागतं. म्हणून २०० लिहिलेलं सिंगल फेज इन्व्हर्टर (डब्यावर आयजीबीटी असंही लिहितात) पुष्कळ झालं, खरं तर प्रामाणिक १६० सुद्धा. “प्रामाणिक” मुद्दाम म्हणतोय. डब्यावर २०० लिहिलेलं असतं, पण खाली ड्यूटी सायकल बघा. २०० ला ३० टक्के असेल तर दहा मिनिटांत तीन मिनिटं काम आणि सात मिनिटं विश्रांती. ८० वर चालवताना हा प्रश्न सहसा येत नाही. इनपुटला किती कमी व्होल्टेज चालतं हे लिहिलेलं असेल तर आपल्याकडे त्याला किंमत आहे. आणि सर्व्हिस कुठे मिळते ते आधी विचारा. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल तिथे नसेल तर मी ते मशीन दोन हजारांनी स्वस्त असलं तरी घेणार नाही. हे माझं मत, जळलेल्या माणसाचं.

शेजारी जुनं तांब्याचं ट्रान्सफॉर्मर मशीन घ्या म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. ते मशीन अमर असतं, खरं आहे. पण ते गच्चीवर न्यायला चार माणसं लागतील, बरीचशी दोन फेजवर चालतात, आणि घरगुती लाइनवर लावलं तर आळीतले दिवे तुमच्या तालावर नाचतील. गॅसशिवायचं तारेचं मिग मशीन पातळ पत्र्याला छान, पण या बजेटमध्ये येणारं घेऊ नये असं मला वाटतं. काही लोकांचा अनुभव वेगळा असेल, असू दे.

आपल्याकडे जुनं मशीन घ्यायचंच झालं तर एक नक्की विचारा, ते कधी पुरात होतं का. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यानंतर धुऊन-वाळवून विकायला आलेल्या वस्तू मी डोळ्यांनी बघितल्यात. आतले स्क्रू गंजलेले दिसले की पुढे चला.

आठ हजारातले सगळे मशीनवर घालवू नका. सोबत येणाऱ्या लीड (मशीनपासून होल्डरपर्यंत आणि कामापर्यंतच्या वायरी) आखूड असतात आणि कामाला लावायचा क्लॅम्प कागदी नावेसारखा, तो आधी बदला. डोळ्यांसाठी हातात धरायची काच नको, आपोआप काळी होणारी टोपी घ्या, शेड (काचेचा गडदपणा) १० किंवा ११ ची. डोळ्यांना आर्कचा उजेड लागला तर त्या क्षणी काही होत नाही, रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवून मी एक रात्र काढली आहे, सकाळी डॉक्टरकडेच जावं लागलं.

रॉड आमच्याकडे आषाढात सादळतात. मी जाड पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला दोन्हीकडे टोपण लावून त्यात ठेवतो. सादळलेला ६०१३ तासभर शंभरेक अंशाला सुकवला की चालतो. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नाही हं, घरात भांडण होतं. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पाइपवर थेट वेल्डिंग करू नका, जिथे डाग द्यायचा तिथलं जस्त ग्राइंडरने काढा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. त्या पांढऱ्या धुराने रात्री हुडहुडी भरते. दूध-गूळ खाऊन काही होत नाही असं सांगणारे भेटतील, त्यांना गूळ खाऊ द्या. आणि रिकामं पिंप, कसलंही, कितीही धुतलेलं, त्याला रॉड लावायचा नाही. यावर मी चर्चा करत नाही.

पातळ पाइपला भोकं पडत असतील तर होल्डर मायनसला लावून बघा, फरक पडतो.

पिंजरा झाला शेवटी, २०२० च्या उन्हाळ्यात. भाजी आत सुरक्षित आहे आणि वानरं वर बसून उन्हं खातात.

तर ते दोन आकडे, हीटर बंद असतानाचा आणि चालू असतानाचा, इथे टाका. शिवाय मिक्सरच्या पॉइंटमागची वायर किती एमएमची आहे ते वायरमनला मेन बंद करून स्विचबोर्ड उघडून बघायला सांगा. मग कुठलं मशीन ते बोलू.