जुन्या जीपचा ब्लॉक भंगारात जाण्याआधी

प्रश्न : आमच्या आजोबांच्या नावावर 1968 ची पेट्रोल जीप (सीजे-3बी) आहे. आजोबा 2005 मध्ये गेले, वडील 2019 मध्ये. आरसी बुक अजून आजोबांच्याच नावावर आहे आणि नोंदणीची मुदत 1999 मध्ये संपली. इंजिन जाम आहे. गॅरेजवाला म्हणतो, ‘ब्लॉक गेलाय, महिंद्राचे डिझेल इंजिन बसवू, टब (पत्र्याची बॉडी) हरियाणातल्या डबवालीहून नवा आणू. गाडी पन्नास वर्षांवरची आहे, व्हिंटेज नोंदणी सहज होईल.’ काका-आत्यांची काही हरकत नाही. गाडी शेतावर आणि सुट्टीत कोकणात न्यायची आहे. काय करावे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : जुना ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, ज्यावर इंजिन क्रमांक ठोकलेला असतो) गॅरेजबाहेर जाता कामा नये, हे गॅरेजवाल्याला आजच्या आज बजावा. बाकी गोष्टींना उशीर झाला तर दंड भरून निभावते. ब्लॉक एकदा भट्टीत गेला की पुढचा मार्ग फार अवघड होतो.

अशी पत्रे माझ्याकडे सतत येतात आणि बहुतेकांत क्रम उलटा असतो. आधी गाडी उघडतात, मग पैसा ओततात आणि सगळ्यात शेवटी कागद शोधतात. तुमच्या घरात तर वीस वर्षांत कोणी आरटीओची पायरी चढलेले दिसत नाही. मालकाचा मृत्यू झाला की 30 दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावे मालकी बदलण्याचा फॉर्म 31 भरायचा, एवढेच काम होते. ते वडिलांनी 2005 मध्ये केले असते तर आज काका-आत्यांच्या सह्यांमागे धावावे लागले नसते.

आता मूळ मुद्दा. व्हिंटेज नोंदणीचे नियम जुलै 2021 च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत आले, 81अ आणि त्यापुढचे. तुमच्या गॅरेजवाल्याने त्यातली फक्त ‘पन्नास वर्षे’ वाचली आहेत. त्याच व्याख्येत पुढे अट आहे : वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी उलथापालथ त्यात झालेली नसावी. डिझेल इंजिन आणि नवा टब म्हणजे या तिघांपैकी दोन गोष्टी एका फटक्यात गेल्या. उरलेल्या चेसिसवर व्हिंटेज क्रमांक मिळेल ही आशा सोडा. पन्नास वर्षे पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे वयाची अट तुमची गाडी 2018 मध्येच पार करून बसली आहे. अडचण वयाची नाहीच.

‘मग साधी नोंदणीच नूतन करू आणि डिझेल बसवू’ असे मनात येईल. तिथे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. इंधन पेट्रोल, इंजिन क्रमांक अमुक, व्हीलबेस 80 इंच हे सगळे त्या बुकात आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम कडक अर्थाने वाचले. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. रस्त्यावर अशा जीपा दिसतात हे खरे, पण त्या दिसतात म्हणून कायदेशीर ठरत नाहीत. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिन क्रमांकाचाच विचारते.

त्यामुळे ब्लॉक ‘गेलाय’ हे गॅरेजवाल्याच्या तोंडी शब्दावर मानू नका. तुमच्या जीपच्या मूळ हरिकेन पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (आत घेणारे) वरच्या हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारे) ब्लॉकमध्ये असतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून अडकतात, पिस्टनच्या रिंगा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटतात, आणि सगळे मिळून ‘जाम’ दिसते. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण सोडा, चार-पाच दिवस मुरू द्या, मग क्रँक हँडलने हाताने हलकेच पुढे-मागे फिरवून पाहा. सेल्फ मारू नका, बॅटरीच्या जोराने अडकलेले भाग मोडू शकतात. तरीही हलले नाही तर हेड उतरवून चांगल्या मशीन शॉपमध्ये दाखवा. मूळ बोअर 3⅛ इंचांचा आहे. तो 0.020 ते 0.040 इंच वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात, आणि त्याहून झिजला असेल तर लायनर (आतून बसवायची नळी) ठोकून मूळ मापावर आणता येतो. व्हॉल्व्ह सीट आणि बोअर यांच्यामध्ये तडा आहे का, हे तेवढे नीट पाहायला सांगा. खरा निकाल तिथे लागतो.

रीबोअर, लायनर, नव्या रिंगा, बेअरिंग ही माझ्या मते दुरुस्ती आहे, फेरफार नाही, कारण ब्लॉक आणि त्यावरचा क्रमांक तोच राहतो. तपासणी करणारा निरीक्षक याच मताचा असेल याची हमी मी देणार नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि मशीन शॉपची बिले ठेवा. बिलावर इंजिन क्रमांक लिहून घ्या.

हा क्रमांक ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपाजवळच्या सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिलने घासून छाप काढा. चेसिस क्रमांकाचीही अशीच छाप घ्या, पण रंगकामाच्या आधी. सँडब्लास्टिंग करणारा (वाळूच्या माऱ्याने गंज काढणारा) कारागीर क्रमांकाची जागा टेपने झाकत नाही, ग्राइंडर तर सरळ अक्षरांवरून फिरतो. क्रमांक पुसट झाला की आरटीओत तुमची गाडी चोरीची नाही हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते. पुसट अक्षरे परत ठोकून घेण्याचा उद्योग चुकूनही करू नका, तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

टबाचेही तेच. कुजलेली फ्लोअर, टूलबॉक्सचा तळ, चाकांवरच्या कमानी कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करा. पूर्ण नवा टब म्हणजे नवा बॉडी शेल.

गॅरेजवाला ‘पेट्रोलवर गाडी ओढत नाही’ म्हणेल. इंजिन मोकळे झाल्यावर मेकॅनिककडून इनटेक टॅपेटची फट 0.018 आणि एक्झॉस्टची 0.016 इंच (थंड इंजिनवर), पॉइंटची फट 0.020, प्लगची 0.030, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 आणि टायमिंग टॉप डेड सेंटरच्या आधी 5 अंश, एवढे बिनचूक लावून घ्या. फीलर गेज इंचाचे घ्या, मिलिमीटरात ‘साधारण तेवढे’ चालत नाही. कार्ब्युरेटरच्या फ्लोटमधून पेट्रोल वाहत असेल तर पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त दाखवतो आणि सगळे जण दोष इंजिनाला देतात.

ब्लॉकला खरोखर तडा निघाला आणि स्टिचिंगनेही (तडा धातूच्या पिनांनी शिवून) भागले नाही तर हरिकेनच दुसरे पेट्रोल इंजिन शोधा, विकणाऱ्याचे बिल आणि त्याच्या आरसीची प्रत घ्या, बसवण्याआधी आरटीओची परवानगी मागा. त्यानंतर व्हिंटेज अर्ज टिकेल की नाही हे सांगता येत नाही, साधी नोंदणी टिकायला हरकत नसावी.

आता तुम्हीच ठरवायचे आहे की व्हिंटेज हवेच का. नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, पुढे नूतनीकरणाला 5,000. पण ही गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराला मनाई आहे. शेतावर जाणे आणि कोकणची सहल यात कुठे बसते? तुम्ही पत्रात जे लिहिले आहे ते खरे असेल तर तुम्हाला कलम 41 खालचे पाच वर्षांचे नूतनीकरण हवे, व्हिंटेज नव्हे. त्याचे शुल्क, 1999 पासूनचा उशीर, पर्यावरण कर आणि ‘वाहन वापरात नाही’ अशी सूचना वडिलांनी दिलेली नसेल तर थकलेला वाहन कर, असा हिशेब अंगावर येईल. जुन्या गाड्यांच्या नूतनीकरण शुल्काचे दर अलीकडे वाढले आहेत, परिवहन पोर्टलवर ताजा आकडा पाहूनच मन बनवा.

दोन्ही वाटांना आधी मालक लागतो, आणि कागदावर मालक दिवंगत आहे. आजोबांची गाडी स्वकष्टार्जित असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे तुमचे वडील, काका, आत्या सगळे वारस. आजी तेव्हा हयात असतील तर त्याही. वडिलांच्या वाट्यावर तुमची आई, तुम्ही, भावंडे, आणि आजी 2019 मध्ये हयात असतील तर त्याही. ‘काही हरकत नाही’ हे बोलणे उपयोगाचे नाही, शपथपत्रावर सही हवी. आत्यांना विसरू नका, लोक नेमके तिथेच चुकतात. सगळ्यांनी सही दिली तर बरेच आरटीओ शपथपत्र आणि दोन्ही मृत्यूचे दाखले यांवर नाव लावतात. काही ठिकाणी आधी वडिलांच्या नावे आणि मग तुमच्या नावे असे दोन टप्पे मागतात. एकानेही सही नाकारली तर 1827 च्या बॉम्बे रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढावा लागेल. बिनविरोध अर्जालाही महिने जातात आणि विरोध झाला तर किती वर्षे हे न्यायालयालाच ठाऊक. तोवर जीप पावसात गंजत बसते. सह्या या महिन्यात घ्या, माणसे वयस्कर आहेत.

सह्या झाल्या की हाताने लिहिलेल्या आरसी बुकाची आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत बॅकलॉग (मागे राहिलेली) नोंद करून घ्या. तीन अक्षरांनी सुरू होणारा जुना क्रमांक संगणकावर नसेल तर पुढचा कुठलाच अर्ज भरला जात नाही. नोंद करताना इंजिन आणि चेसिस क्रमांक तुमच्या छापेशी अक्षर-अक्षर जुळवून घ्या. शून्य आणि ‘ओ’ यांत गल्लत झाली तर दुरुस्तीसाठी वेगळी फेरी.

आणि तपासणीसाठी जीप चालवत नेऊ नका. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणे हा कलम 39 चा भंग आहे, कलम 192 प्रमाणे पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड आहे. विमा घ्या, पीयूसी काढा आणि टेम्पोवर चढवून न्या.