गैरहजेरीचा रकाना

मी समुपदेशक आहे. गणपतीच्या दिवसांत आणि मे महिन्यात माझी कुडाळची वही भेटींनी भरून जाते, कारण या दोन काळांत चाकरमानी गावी आलेला असतो. पूर्वी तो लालबाग-परळहून येत असे, आता दुबई, सिंगापूर, लंडन इथूनही येतो. या नव्या चाकरमान्यांपैकी बरेचजण बँका, विमा, लेखापरीक्षण, गुंतवणूक अशा क्षेत्रांत असतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या तोंडून मी जवळपास एकच वाक्य ऐकत आले आहे : "मॅडम, सगळं उत्तम चाललंय, म्हणून तर सांगायला लाज वाटते. पण मी थकलोय. परत यावं का?"

या प्रश्नाला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे बरेच दिवस मनात होते. त्यासाठी मी एका तरुणाची हकीकत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी त्याला भाऊ म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन.

भाऊ वेंगुर्ले तालुक्यातला. वय अडतीस, लंडनमधल्या एका वित्तसंस्थेत नोकरी. एक कंपनी दुसरीला विकत घेणार असेल तर आधी तिचे हिशेब खरे आहेत का हे तिथे जाऊन तपासणाऱ्या गटात तो काम करतो. त्यामुळे सोमवारी पहाटे विमान, फ्रँकफर्ट किंवा डब्लिन, तीन रात्री हॉटेल, गुरुवारी रात्री परत, असे महिन्यातून तीन आठवडे. २०२४ च्या गणपतीत त्याची आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. माउली खुर्चीत नीट बसण्याआधीच म्हणाली, "बाई, हय असलो तरी तो हय नसता." (इथे असला तरी तो इथे नसतो.) त्या एका वाक्यात पुढच्या सगळ्या भेटींचे सार होते, हे मला फार उशिरा कळले.

भाऊ मात्र पहिल्या भेटीत फक्त प्रवासाबद्दल बोलला. त्याच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि त्या क्षुल्लक समजू नयेत, असे मला आजही वाटते. त्याच्या गटातले ब्रिटिश सहकारी पासपोर्ट खिशात घालून निघतात. भाऊचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे जर्मनीसाठी युरोपातल्या अनेक देशांत चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नसल्याने त्याचा वेगळा. एखादे काम अचानक आले की "तुझे कागद तयार आहेत ना?" हा प्रश्न सगळ्यांदेखत फक्त त्यालाच विचारला जातो. वर तिमाही संपताना रात्री दोनपर्यंत जागरण. हॉटेलात जाग आल्यावर क्षणभर आपण कुठल्या शहरात आहोत हे आठवत नाही, म्हणून तो रात्री उशाशी त्या शहराचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवू लागला होता. हे सांगून तो लगेच म्हणाला, "पण मॅडम, माझ्या आजोबांनी गिरणीत तीस वर्षं काढली. मी कसली तक्रार करतोय?"

मी समुपदेशनाच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही पद्धत सांगते की, घटना आपल्याला त्रास देतेच, पण त्या घटनेवर आपण लादलेली अट त्याहून अधिक छळते. भाऊची अट उघड होती : ज्याला चांगला पगार आहे त्याने थकता कामा नये. थकवा एकपट, आणि थकलो याची शरम दुप्पट. म्हणून मी पहिल्या काही भेटी आजोबांवरच घालवल्या. गिरणगावात एका गावच्या दहा-पंधरा माणसांची एकच खोली असायची आणि पाळीप्रमाणे माणसे आळीपाळीने झोपायची, हे त्याने ऐकले होते. मी त्याला विचारले, "आजोबा दमून आले की ते कोणाला दिसायचं?" तो म्हणाला, "खोलीतल्या सगळ्यांना." "आणि तुम्ही दमता ते कोणाला दिसतं?" यावर त्याने हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या माणसाचा उल्लेख केला आणि स्वतःच गप्प झाला. आजोबांचे कष्ट मोठे होते यात वाद नाही. पण त्या कष्टांना सोबत होती आणि गावाहून आलेल्या पत्राचे वाचनही चारचौघांत व्हायचे. कष्टांची तुलना करताना आपण सोबतीची तुलना करायला विसरतो, असे माझे मत झाले आहे.

शरम थोडी सैल झाली, झोप किंचित सुधारली, पण "परत यावं का" हा प्रश्न जागचा हलेना. इथे मला एक कबुली द्यायची आहे. पूर्वी असा प्रश्न आला की मी कागदाच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला परतण्याचे फायदे आणि दुसऱ्या बाजूला तोटे लिहून घेत असे. पगार, मुलांची शाळा, आईचे वय, आंब्याची कलमे, सगळे त्यात येई. पैशाच्या क्षेत्रातली माणसे असा तक्ता फार सुबक करतात आणि तो पूर्ण झाल्यावर पहिल्याइतकीच अडकलेली राहतात. भाऊनेही केला. दोन्ही बाजू जवळजवळ समसमान निघाल्या.

कलाटणी मिळाली ती फेब्रुवारीतल्या एका व्हिडिओ भेटीत, आणि तीही आडवाटेने. भाऊ त्या दिवशी बेचैन होता, कारण त्याच्या दिवसांचा हिशेब जमत नव्हता. ब्रिटनमध्ये त्याच्या प्रकारच्या व्हिसावर पाच वर्षे राहिल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येत होता, पण त्या काळातल्या कोणत्याही बारा महिन्यांत १८० पेक्षा जास्त दिवस देशाबाहेर राहिलेले चालत नाही, आणि कामासाठीचा प्रवासही त्यात धरला जातो. म्हणून अशी माणसे एकेका दिवसाची नोंद ठेवतात. मी म्हटले, "तक्ता दाखवाल?" त्याने पडद्यावर एक्सेलची फाइल उघडली.

तारीख, शहर, कारण आणि शेवटी 'गैरहजर' असे चार रकाने होते. निघण्याचा आणि पोहोचण्याचा दिवस मोजत नाहीत, पूर्ण बाहेर काढलेले दिवसच मोजतात, त्यामुळे सोमवार ते गुरुवारच्या फ्रँकफर्टच्या फेरीपुढे फक्त २ होते. अशा दोनांच्या लांबच लांब रांगेत एक ओळ ठसठशीत लाल होती : ४ ते १६ सप्टेंबर, भारत, वैयक्तिक, ११.

"ही ओळ लाल का?" मी विचारले.

"एका वेळी सगळ्यात जास्त दिवस तिथे जातात. तिथे लक्ष ठेवावं लागतं."

"हे तर गणपतीचे दिवस. तुम्ही आईबरोबर माझ्याकडे आलात ते."

"हो."

"या अकरा दिवसांत तुम्ही गैरहजर कुठे होता?"

"लंडनमध्ये."

"आणि हजर कुठे होता?"

तो बोलेना. मीही बोलले नाही. समुपदेशकाला शब्दांइतकीच शांतता सांभाळता आली पाहिजे आणि मला ती सांभाळता येते, एवढे मी म्हणू शकते. पडद्यावर त्याचा बाण त्या लाल चौकटीवर येऊन थांबला होता, मग तो हळूहळू उजवीकडे सरकत गेला, 'गैरहजर'च्या पुढच्या कोऱ्या भागात. बऱ्याच वेळाने भाऊ म्हणाला, "मॅडम, त्याला रकानाच नाहीये."

त्या रात्री मला आईचे वाक्य पुन्हा आठवले. हय असलो तरी तो हय नसता. ज्या हिशेबात घरचे दिवस फक्त वजाबाकी म्हणून येतात, तो हिशेब मनात घेऊन माणूस घरी येतो. सरकारी नियमासाठी तो तक्ता आवश्यकच आहे, त्यात भाऊची चूक नव्हती. चूक एवढीच की आयुष्याचा दुसरा हिशेब त्याने कुठे ठेवलाच नव्हता, म्हणून हा एकमेव हिशेब खरा ठरला. आणि आपण गावची माणसे त्यात भरच घालतो. कोकणात आल्या-आल्या प्रत्येक जण विचारतो, "कधी इलंस?" आणि श्वासही न घेता पुढे, "कधी जातलंस?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी परतीची तारीख उच्चारावी लागते.

पुढच्या भेटीसाठी मी त्याला पाचवा रकाना करायला सांगितला. नाव 'हजर', आणि त्यात आकडा लिहायचा नाही, कोणाबरोबर आणि काय केले ते लिहायचे. आधी त्याच अकरा दिवसांचा भरायला लावला. बहुतेक ओळी रिकाम्या राहिल्या. लंडनचे कार्यालय नऊला उघडते तेव्हा तिथल्या उन्हाळी वेळेनुसार (त्या काळात तिथली घड्याळे तासभर पुढे असतात) इथे दुपारचा दीड वाजलेला असतो आणि ते सहाला बंद होते तेव्हा रात्रीचे साडेदहा. म्हणजे आरती, भजन, जेवणाची पंगत हे सगळे त्यांच्या भर कामाच्या वेळेत. भाऊ रजेवर असूनही संध्याकाळी फोनला रेंज मिळावी म्हणून घरामागच्या सड्यावर, म्हणजे उंच कातळमाळावर, जाऊन उभा राहत होता. माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधतानाचीही आठवण निघाली. दादा शिडीवर, भाऊच्या एका हातात कवंडळाचे फळ आणि आंब्याचे टाळे, दुसऱ्या हातात फोन. दादाने दोनदा हाक मारली, मग खाली उतरून त्याच्या हातातले कवंडळ काढून घेतले आणि काही न बोलता वर गेला. हे सांगताना भाऊ पहिल्यांदा रडला.

त्यानंतर आम्ही जे केले ते फार साधे होते, आणि या प्रश्नाने त्रासलेल्या इतरांनाही मी तेच सुचवते. परतायचे की नाही हा निर्णय गावी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि निघण्याआधीच्या दोन दिवसांत घेऊ नये. पहिल्या आठवड्यात शरीरच ठिकाणावर नसते. २०२३ मध्ये गोव्यातल्या मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून लंडनहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्यात आपल्या खळ्यात उभा राहू शकतो, पण शरीरातले घड्याळ साधारण दिवसाला एक तास एवढेच सरकते, म्हणजे पाच तासांच्या फरकाला चार-पाच दिवस लागतात. घरच्यांनी त्या दिवसांत त्याला पूजा, लग्न, पाहुणे यांच्या यादीतून मोकळे ठेवावे आणि त्याच्या चिडचिडीचा अर्थ "बदलला हो आमचा झील" असा लावू नये. निघण्याआधीचे दोन दिवस तर फक्त भावनेचे असतात.

दुसरे, वरिष्ठांकडे "प्रवास कमी करा" अशी मोघम विनवणी करू नये, नेमके काहीतरी मागावे. भाऊने महिन्यातला एक आठवडा प्रवासमुक्त आणि घरच्या रजेत एकही बैठक नाही, अशा दोन गोष्टी लेखी मागितल्या. दुसरी मिळाली, पहिली दर दोन महिन्यांनी एकदा मिळाली. मागण्याआधी त्याची खात्री होती की मागितले की नोकरी जाईल. ही भीती तपासून न पाहता तो आठ वर्षे वागत होता.

तिसरे, फोन. "वेळ मिळाला की करीन" असा फोन कधीच होत नाही आणि झालाच तर तो थकलेल्या माणसाचा असतो. भाऊ आता दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, आईला फोन करतो. तेव्हा इथे उन्हाळ्यात सहा आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात, म्हणजे दिवेलागणीच्या आसपासची वेळ. दहाच मिनिटे, पण रोज, मग तो फ्रँकफर्टला असो की डब्लिनला. आणि एक नियम मी आग्रहाने घातला : आठवड्यातून एकदा तरी "आज दमलोय" हे वाक्य आईला सांगायचे. आई काळजी करेल, असे तो म्हणाला. मी म्हटले, "करू दे. ती काळजी आताही करतेच आहे, फक्त कशाची ते तिला माहीत नाही."

या सगळ्यानंतर तो परतला का, असे मला नेहमी विचारले जाते. नाही, अजून तरी नाही. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची मुदत वाढवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांची झोप उडाली. भाऊने मला त्या आठवड्यात फोन केला, तोही अस्वस्थ होता, परंतु बोलण्याच्या शेवटी म्हणाला, "मुदत वाढली तर वाढली, पाचवा रकाना माझ्या हातात आहे." तो परतेल किंवा राहील, दोन्ही निर्णय चांगले ठरू शकतात. पळून घेतलेला निर्णय आणि बघून घेतलेला निर्णय यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो दिसू लागला की माझे काम संपत आले असे मी समजते.

शेवटच्या भेटीत त्याने आपण होऊन ती फाइल उघडली. २०२५ च्या गणपतीपुढे 'गैरहजर'मध्ये पुन्हा ११ च होते, नियम नियमाच्या जागी. पण लाल रंग काढलेला होता. २६ ऑगस्टच्या ओळीत, पाचव्या रकान्यात लिहिले होते : "माटवी मी बांधली. कवंडळाची गाठ सुटली, दादाने पुन्हा मारून दिली. फोन आत, आईच्या पेटीत."