आईची डिग्री आणि "या वयात कशाला बॅनर?"

लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय, ती पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. थोडक्यात सांगते. आई अंगणवाडी सेविका, वय ४१, बारावी झाली तसं लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. आता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली, तेही फर्स्ट क्लासमध्ये. घरात मात्र सगळे गप्पगप्प. वडील म्हणतात पेढे वाटा आणि विषय संपवा, या वयात कशाला बॅनर, लोक हसतील. चुलतभाऊ म्हणतो मोबाईलवरची डिग्री ती, तिला कोण विचारतंय. सरपंच सत्कार करू म्हणतायत, साडीचोळी-नारळ वगैरे. मुलीनं विचारलंय, सत्कार करावा का, डिग्रीला खरंच किंमत आहे का, आणि आईनं पुढं काय करावं.

अगं, आधी आईला माझा नमस्कार सांग.

तुझ्या पत्रातला एक प्रसंग मी दोनदा वाचला. पहिल्या पेपरला तालुक्याच्या कॉलेजात आई वर्गात शिरायला लागली तर दारातल्या सरांनी "पालकांनी गेटबाहेर थांबायचं" म्हणून अडवलं, आणि आईनं काही न बोलता पिशवीतून हॉलतिकीट काढून पुढं धरलं. सत्कार करायचा तो या हॉलतिकिटाचा. करा, नक्की करा, पण बॅनरचा मजकूर छापायला देण्याआधी एकदा तू स्वतः बघ. "या वयातही", "संसार सांभाळून", "जिद्दीची माउली" असलं काही असेल तर खोडून टाक. आईचं पूर्ण नाव, बी.ए., प्रथम श्रेणी, विद्यापीठ, वर्ष, झालं. गावातला पोरगा इंजिनियर झाला तर त्याच्या बॅनरवर "आईच्या हातचं आयतं जेवून" असं लिहितो का आपण? नाही ना? मग आईचं पण तसंच लिहायचं, एक विद्यार्थिनी पास झालीये एवढंच.

आणि लोक हसतील म्हणणाऱ्या बाबांना सांग, मोठ्या माणसांच्या शिक्षणाचा गावानं सोहळा करायचा ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, त्यात अख्खं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, म्हणजे नांगर धरणाऱ्या हातांनी पाटी धरली याचा गाव मिळून अभिमान मिरवायचं. अलीकडचं बघायचं तर मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी लुगड्यातल्या आज्यांचे फोटो तू पण पाहिले असशील. गंमत अशी की आजी सही शिकली की आपल्याला कौतुक वाटतं, पण चाळिशीतली बाई ग्रॅज्युएट झाली की आपण जरा अवघडतो, कारण ती आता कौतुकाच्या पलीकडे जाऊन हिशोब विचारू शकते. (बाबांना हे वाक्य वाचून दाखवू नकोस, उगाच जेवणावरून उठतील.)

आता चुलतभावाचं. त्याला विचार की मोबाईलवर परीक्षा झाली का? तूच लिहिलंयस, आईचं नेटवर्क फक्त माजघराच्या खिडकीत यायचं म्हणून फोन गजाला सुतळीनं बांधून ती उभ्यानं व्हिडिओ बघायची, रात्री पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपमधली माहिती भरून झाली की त्याच फोनवर पुस्तकाची पीडीएफ उघडायची, आणि पॅक संपला की मग छापील पुस्तक, ज्याच्या पानांना हळदीची बोटं लागलीत. पण स्वाध्याय हातानं लिहिलेत, रविवारी एसटीनं अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राला गेली आणि पेपर सेंटरवर बसून दिलेत, समोर सुपरवायझर उभा असताना. कॉलेजच्या पोरांना हजेरीला मित्र असतो, तिला कोण होतं?

कायद्याचं म्हणशील तर मुक्त विद्यापीठ १९८९ साली विधिमंडळाच्या कायद्यानं नाशिकला उभं राहिलंय, ते काही कुणाच्या गाळ्यातलं दुकान नाही. राम ताकवले पहिले कुलगुरू, पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू ते, आणि "ज्ञानगंगा घरोघरी" हे विद्यापीठाचं ब्रीद. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्टच कळवलंय की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन घेतलेली डिग्री रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीची धरायची. मुलाखतीत "मुक्तवाले का?" असं नाक मुरडून विचारणारे भेटतात, मला स्वतःला भेटलेत, मी पण एम.ए. असंच केलंय, पण नाक मुरडणं वेगळं आणि अर्ज बाद करणं वेगळं. मान्यताप्राप्त हा शब्द मात्र महत्त्वाचा. पुढचा कोर्स घेताना विद्यापीठ आणि तो ठरावीक कोर्स, दोन्ही यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहेत का ते बघायचं, आता अ‍ॅडमिशनला याच विभागाचा डीईबी आयडी नावाचा ओळख क्रमांक पण काढावा लागतो. "एका वर्षात ग्रॅज्युएशन, परीक्षेची हमी" असा मेसेज आला की डिलीट करायचा, त्याला फोनसुद्धा करायचा नाही.

पुढं काय याच्या आधी कागदांचं बघ, सत्काराच्या नादात नेमकं हेच राहून जातं. तुझ्या आईची दहावी-बारावी माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, बँकेत आणखी तिसरंच स्पेलिंग, असंच असणार बघ, माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ बायकांचं असंच असतं. डिग्री सर्टिफिकेटवर कुठलं नाव आलंय ते आजच बघून घे. मॅरेज सर्टिफिकेट नसेल तर ग्रामपंचायतीत विचार, गरज पडली तर नावबदल राजपत्रात छापून घे आणि त्याच्या चार प्रती लॅमिनेशन न करता फाईलला लाव. मार्कशीट डिजिलॉकरला दिसतायत का ते पण चेक कर. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते तुझं, आईचं नाही.

नोकरीचं मी उगाच गोड बोलणार नाही. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळं तुमचा प्रवर्ग कोणता त्यावर ते दार उघडं का बंद हे ठरेल, आणि उघडं असलं तरी ४१व्या वर्षी शून्यातून ती तयारी करावी असं मी तरी म्हणणार नाही. तिचा खरा फायदा आहे त्याच खात्यात आहे. मुख्यसेविकेच्या, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेच्या पदाला पदवी लागते, आणि अंगणवाडीतली इतक्या वर्षांची नोकरी तिच्या पदरात आहेच, तेव्हा बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन सेविकांसाठीच्या भरतीचे आत्ताचे नियम काय आहेत, वयाची आणि सेवेची अट काय, हे लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका, तिथं प्रत्येक टेबलावर वेगळा नियम असतो.

शिकायचंच असेल तर माझं मत, एम.ए.ला लगेच पळू नका. इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, बालसंगोपन आणि पूर्वप्राथमिक शिक्षणाचा डिप्लोमा आहे, बारावीवर होतो, आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणात अंगणवाडीला शिक्षणाचा पहिला टप्पा धरल्यापासून या विषयाचं वजन वाढलंय. तिचं रोजचं कामच तिचं प्रॅक्टिकल. इग्नूच्या अ‍ॅडमिशन साधारण जुलै आणि जानेवारीत असतात, म्हणजे दोन-चार महिने निवांत श्वास घेऊन मग फॉर्म भरता येईल. समाजकार्यात मन असेल तर एम.एस.डब्ल्यू. पण दूरशिक्षणानं होतं, फक्त फील्डवर्क असतं त्यात, घरातल्यांना आधी सांगून ठेवा. बी.एड.चं कुणी सुचवेल, पण दूरशिक्षणाचं बी.एड. मुख्यतः नोकरीतल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी असतं, आणि नर्सिंग, लॉ असले कोर्स दूरशिक्षणानं होत नाहीत, तसं कुणी विकत असेल तर पैसे बुडाले समजा.

आईला हे सगळं सांगताना तिला काय हवंय ते पण विचार गं. कदाचित तिला आता काहीच शिकायचं नसेल, नुसतं नावापुढं बी.ए. लिहायचं असेल, तर तेही पुष्कळ आहे. दीक्षान्त समारंभ नाशिकला असतो, तारीख लागली की विद्यापीठाच्या साईटवर बघ आणि बाबांना घेऊन तिघंही जा. बाबा आधी येणार नाहीत म्हणतील, पण तिकीट काढलेलं दिसलं की येतील.

सरपंचांना सांग साडीच्या ऐवजी एक टेबल आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्या, खिडकीपाशी ठेवायला. आणि सत्काराच्या दिवशी पाहुण्यांचा चहा आईनं करायचा नाही, तो चुलतभावाला करायला लाव.