‘होय’ लिहा आणि खाली गुन्हा नंबर लिहा

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातली, वय २४. आमची बागायत जमीन शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत येते. गेल्या वर्षीच्या रास्ता रोकोत वडिलांबरोबर मीही महामार्गावर बसले होते. पोलिसांनी आम्हाला व्हॅनमध्ये घातलं, एका मंगल कार्यालयात बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. नंतर कळलं की काही नावं आणि ‘इतर दोनशे ते अडीचशे’ असा गुन्हा दाखल झालाय आणि नावांच्या यादीत मी आहे. एक माजी आमदारही त्यात आहेत. मध्यंतरी व्हॉट्सॲपवर पोलिसांची नोटीस आली, मी गेले नाही. वडिलांना तहसीलदारांकडून चॅप्टर केसची नोटीस आहे. आता तलाठी भरतीत माझी निवड झाली आहे आणि साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधीच्या पोलीस पडताळणीचा अर्ज, भरायचा आहे. माझे चुलते सत्ताधारी पक्षाचं काम करतात. ते म्हणतात, ‘नाही’ लिहून टाक, केसेस मागे घ्यायचा आदेश निघणारच आहे. ओळखीचे वकील म्हणतात, तारखेला गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळी हो. वडील आणि चुलते वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात विचारायचीही सोय नाही. मी काय करू? आणि पुढच्या मोर्चाला जाऊ की नको?

उत्तर : चुलत्यांचा आणि वकिलांचा, दोन्ही सल्ले ऐकू नका. दोघांचा हेतू चांगला असेल, पण नोकरी घालवायचे हेच दोन खात्रीचे रस्ते आहेत.

आधी साक्षांकन नमुना. त्यात तुम्हाला कधी अटक झाली का, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, खटला प्रलंबित आहे का, शिक्षा झाली का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्न सुटा वाचा आणि जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या. गुन्हा दाखल आहे का, याचं उत्तर ‘होय’. खाली गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), पोलीस ठाणं, तारीख, कलमं आणि आजची स्थिती लिहा. दोषारोपपत्र गेलेलं नसेल तर ‘तपासावर’, गेलं असेल तर कोर्टाचं नाव आणि केस नंबर. एफआयआरची प्रत जोडा. ती पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते, नाही मिळाली तर ठाण्यात अर्ज करा.

अटकेचा रकाना जरा जपून भरा. मंगल कार्यालयात बसवून संध्याकाळी सोडणं ही बहुतेक वेळा प्रतिबंधात्मक कारवाई असते, पण कागदावर पोलिसांनी काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत नाही. अटकेचा कागद झाला होता का, त्यावर तुमची सही घेतली होती का, हे वकिलामार्फत आधी पाहून घ्या. शंका उरलीच तर रकान्यात एक सरळ वाक्य लिहा : अमुक तारखेला आंदोलनावेळी ताब्यात घेऊन त्याच दिवशी सोडण्यात आले. एवढं लिहिल्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

हा आग्रह का, ते सांगतो. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात अशा माहिती दडवण्यावर सविस्तर निकाल दिला. त्यात किरकोळ गुन्ह्याचं उदाहरण म्हणून तरुण वयात घोषणा दिल्याचाच उल्लेख आहे. एखाद्यानं असा किरकोळ गुन्हा लपवला असेल तरी नेमणूक करणाऱ्याला त्याकडे दुर्लक्ष करता येतं, आणि प्रलंबित किरकोळ गुन्हा खरेपणाने सांगितला असेल तर खटल्याच्या निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. चुलते कदाचित यातला पहिला भागच ऐकून असतील. पण ‘करता येतं’ म्हणजे तो अधिकाऱ्याचा विवेक झाला, तुमचा हक्क नाही. लपवलेलं पुढे सापडलं की चर्चा रास्ता रोकोची राहत नाही, खोट्या माहितीची होते. नंतर निर्दोष सुटलं तरी नमुन्यातलं खोटं विधान त्यानं धुऊन निघत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. आणि सापडणार नाही असं समजू नका. पडताळणीचा अहवाल पोलिसांकडूनच जातो, आणि गुन्हा त्यांच्याच संगणकात आहे.

‘होय’ लिहूनही नाकारलं, तर कारणं देणारा लेखी आदेश मागा. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, हे राज्य शासनाचं पद आहे. त्यामुळे दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, आपण ज्याला ‘मॅट’ म्हणतो तिथे, मागायची. आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. खरं सांगणाऱ्या उमेदवाराची बाजू तिथे मांडायला मला संकोच वाटणार नाही. लपवणाऱ्याची बाजू मांडताना वकिलाची अर्धी ताकद सबबी सांगण्यात जाते.

आता कबुलीचा सल्ला. तालुक्याच्या कोर्टांत हा रोज दिला जातो, कारण त्यात सगळ्यांचा वेळ वाचतो. पण कोर्टापुढे गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही दोषसिद्धी आहे, मग तो पाचशे रुपयांचा का असेना. आज तुम्ही ‘गुन्हा दाखल’ या रकान्यात आहात. त्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत ‘शिक्षा झाली’ या रकान्यात जाल. वाहतुकीच्या चलनासारखी ही गोष्ट नाही. लोकअदालतीची नोटीस आली तरी कशावर सही करताय ते वाचल्याशिवाय करू नका.

खटला लढवण्यासारखा आहे का? तुमच्या पत्रात कलमं नाहीत, पण रास्ता रोकोच्या एफआयआरचा साचा ठरलेला असतो. बेकायदेशीर जमावासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १८९, अटकावासाठी १२६, रस्त्यावर अडथळ्यासाठी २८५, लोकसेवकाचा आदेश मोडल्याबद्दल २२३ म्हणजे जुनं १८८, आणि सोबत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ व १३५. एवढीच असतील तर काळजी कमी. मात्र कलम १३२ आहे का ते आधी बघा. ते जुनं ३५३, शासकीय कामात अडथळ्यासाठी बळाचा वापर किंवा हल्ला, आणि ते अजामीनपात्र आहे. महामार्गाचं नुकसान केल्याचं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाचं ८ब, लावलं असेल तर त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. यांतलं काही तुमच्यावर लावलं असेल तर नुसतं बसून राहिलेल्या माणसाला ते कसं लागतं, हा पहिला मुद्दा.

कलम २२३ ची गंमत अशी की पोलिसांच्या दोषारोपपत्रावर कोर्टाला त्याची दखलच घेता येत नाही. ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याची, त्याच्या वरिष्ठाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या लोकसेवकाची लेखी तक्रार लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम २१५ मध्ये ते आहे, आणि जुन्या कायद्यातली हीच तरतूद बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘मुनिअप्पन’ प्रकरणात सांगितलं. ते प्रकरणही एका राजकीय आंदोलनातलंच, धर्मपुरीत बस पेटवून तीन विद्यार्थिनींचा जीव घेणारं. तिथे बाकीच्या गंभीर कलमांखाली शिक्षा झालीच. तेव्हा या मुद्द्याने सगळा खटला पडेल असं समजू नका, एक कलम पडेल.

दुसरा मुद्दा मुदतीचा. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात वर्षभराची मुदत असते, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार ती मोजताना दोषारोपपत्राची नव्हे, एफआयआर नोंदवल्याची तारीख धरतात. उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण मग पोलिसांना कारण द्यावं लागतं. म्हणून दोषारोपपत्र उशिरा गेलं एवढ्यावर विसंबू नका, एफआयआरवरची तारीख आधी बघा. १३२ सारखं मोठं कलम असलं तर मुदत तीन वर्षांवर जाते, आणि ८ब असेल तर ही मुदत लागूच होत नाही.

तिसरा मुद्दा मनाई आदेशाचा. कलम ३७(३) चा जमावबंदी आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. आमच्याकडे तो पंधरवड्या-पंधरवड्याने नव्याने निघत राहतो, कधी सणाचं कारण, कधी परीक्षेचं. त्या दिवशी कोणता आदेश लागू होता, तो प्रसिद्ध झाला होता का, त्यात कारण काय दिलंय, हे माहिती अधिकारात मागा. बीड जिल्ह्यात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात माजलगावला धरणं धरू पाहणाऱ्यांना असाच आदेश दाखवून परवानगी नाकारली होती. औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश रद्द केला. एका कायद्याला विरोध करायचाय म्हणून कुणाला गद्दार किंवा देशद्रोही म्हणता येणार नाही, असं त्या निकालात स्पष्ट आहे. सरकारची बाजू घेणाऱ्या आणि विरोधात बसणाऱ्या अशा दोन्ही घरांनी तो निकाल वाचायला हवा, असं माझं मत.

तरीही एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. माजलगावचे लोक मैदानात बसू पाहत होते, तुम्ही महामार्गावर बसलात. शांततेने, शस्त्राशिवाय जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे, पण रस्ता बेमुदत अडवण्याचा हक्क त्यात आहे असं न्यायालयं मानत नाहीत. दिल्लीतल्या शाहीन बागेत रस्त्यावर धरलेल्या धरण्याच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांनी नागपुरात महामार्ग अडवला, तेव्हाही नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन रस्ता मोकळा करायला सांगितलं. तुमचा बचाव ‘आमचा हक्क होता’ एवढ्यावर उभा करू नका. जमावाचा बेकायदेशीर हेतू कोणता, त्यात तुम्ही काय केलं, अडवला गेलेला एक तरी वाहनचालक साक्षीदार आहे का, यावर उभा करा.

सगळं किरकोळ असेल तर गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे मुंबईचे हेलपाटे वाचतील. पण त्याची घाई करण्याआधी तपास अधिकाऱ्याला लेखी निवेदन द्या : मी फक्त बसले होते, कुणाला हात लावला नाही. तपासात काही नसेल तर पोलीस ‘सी समरी’, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल कोर्टाला पाठवू शकतात. सोपं नाही, पण खर्च एका कागदाचा आहे.

व्हॉट्सॲपच्या नोटिशीबद्दल. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावणं ग्राह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. म्हणजे गेला नाहीत यात कायद्याने चूक नाही. तरी आता वकिलाला घेऊन जा. नेमणुकीच्या तोंडावर ‘हजर राहत नाही’ असा शेरा कशाला ओढवून घ्यायचा?

आता चुलत्यांचं आश्वासन. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय आपल्याकडे सर्व पक्षांच्या सरकारांनी काढलेत. पण निर्णय निघाला म्हणजे खटला संपला असं होत नाही. जिल्ह्याची समिती प्रकरणं तपासते, जीवितहानी आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या अटी बघते, मग सरकारी वकील त्याच संहितेच्या कलम ३६० खाली अर्ज करतो, आणि कोर्टाने संमती दिली तरच खटला मागे जातो. दोषारोपपत्र गेलेलंच नसेल तर मागे घ्यायला कोर्टात काही नसतंच. शिवाय तुमच्या एफआयआरमध्ये माजी आमदार आहेत. आजी-माजी खासदार-आमदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२१ चा आदेश आहे. नेता सोबत असला की आंदोलनाला बळ येतं, आणि नंतर याच कारणाने सामान्य माणसाचा कागद अडकतो. तुमच्यापुरता अर्ज वेगळा करण्याची मागणी वकिलामार्फत करा. बाकी आश्वासनांचं म्हणाल, तर याच महामार्गाची कोल्हापूर जिल्ह्यातली भूसंपादनाची अधिसूचना ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, रद्द झाली होती. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच महामार्गासाठी २० हजार ७८७ कोटींना मंजुरी दिली.

वडिलांची चॅप्टर केस हे वेगळं प्रकरण आहे. ती शिक्षा नाही, शांतता राखण्याचं बंधपत्र मागणारी कार्यवाही आहे, जास्तीत जास्त एक वर्षासाठी. तहसीलदारांपुढे जाऊन लेखी म्हणणं द्यावं. नोटिशीत कोणत्या माहितीवरून शांतताभंगाची भीती वाटते हे लिहिलेलं असलं पाहिजे, आणि चौकशीशिवाय अंतिम बंधपत्र मागता येत नाही. पहिल्याच तारखेला पुढे केलेल्या छापील कागदावर सही करू नये. त्यात ‘पुन्हा आंदोलन करणार नाही’ असं वाक्य असेल तर ते खोडून मागावं. बंधपत्र शांततेचं असतं, गप्प बसण्याचं नसतं.

राहिला पुढचा मोर्चा. नेमणूक होईपर्यंत तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. परवानगी असलेल्या मोर्चाला, परवानगी दिलेल्या जागी जा, परवानगीची प्रत मोबाईलमध्ये ठेवा, रस्त्यावर बसू नका. साक्षांकन नमुना दिल्यानंतर दुसरा गुन्हा दाखल झाला तर तोही लेखी कळवावा लागेल. रुजू झाल्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतील आणि राजकीय चळवळीत भाग घेता येणार नाही. जमीन कुणाच्या नावावर आहे ते पत्रात नाही. वडिलांच्या नावावर असेल तर भूसंपादनाची हरकत त्यांच्याच सहीने जाऊ दे. नोटिशीवर छापलेल्या मुदतीच्या आत द्या आणि पोच घ्या.