जाळीपलीकडचं खटल्याचं घर

या महिन्यात पत्रं बरीच आली, पण भुसावळच्या एका वाचक बाईंच्या पत्रानेच माझा निम्म्याहून जास्त कागद खाल्ला, त्यामुळे केस गळण्याबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा.

प्रश्न: ताई, आमच्या शेजारी एक ख्रिश्चन फॅमिली आहे, वीस वर्षांचा घरोबा, दिवाळीचा फराळ इकडून तिकडे, नाताळचा केक तिकडून इकडे. त्यांची मुलगी एम.एस्सी. झाली, नोकरीही लागली, आणि आता म्हणते मी नन होणार. शाळेत शिकवणारी किंवा दवाखान्यातली सिस्टर असती तर समजलं असतं, पण ही कार्मेल म्हणून काही असतं तिथे चाललीय, आत गेलं की बाहेर येत नाहीत म्हणे, भेटायला गेलं तर मध्ये जाळी. तिची आई रोज माझ्याकडे येऊन रडते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, 'पोर जित्ती शे नं, मंग जाळीमाईन काब्र भेटनं?' म्हणजे जिवंत पोरीला जाळीतून का भेटायचं, असं मला काही बोलता आलं नाही. दिवसभर या बायका आत करतात काय? शिकलेली पोर अशी वाया घालवायची का?

उत्तर: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, कारण त्यांचा प्रश्न अगदी माझाच आहे. माझी शाळेतली मैत्रीण अशाच एका मठात गेली, खान्देशाच्या बाहेर, लांब, आणि मी पहिली तीन वर्षं रागाने तिला पत्रसुद्धा लिहिलं नाही. मग एकदा गेले. भेटायच्या खोलीला ते लोक पार्लर म्हणतात, मी रिक्षावाल्याला तसंच सांगितलं तर तो मला फेशियलवाल्या पार्लरसमोर घेऊन गेला, असो.

आधी एक घोळ निस्तरते. आपल्याकडे ज्या सिस्टर दिसतात, शाळेतल्या, दवाखान्यातल्या, पाड्यांवर स्कूटीने फिरणाऱ्या, त्यांचं काम बाहेर असतं. कार्मेल म्हणजे कॅथलिक नन्सचा एक संघ, तिथल्या किंवा क्लारा संताच्या परंपरेतल्या बायका वेगळ्या, त्यांचं कामच प्रार्थना. तीही मूड आला की बसलो अशी नाही, घड्याळावर. दिवसातून सात वेळा एकत्र जमून स्तोत्रं म्हणायची, रोज मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, शिवाय सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास नुसतं गप्प बसून ध्यान. पहाटे पाचच्या आसपास उठायचं. जेवताना बोलायचं नाही, कोणीतरी एक जण पुस्तक वाचून दाखवते आणि बाकीच्या जेवतात. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत पूर्ण मौन. मटण नाही, आजारी असलं तरच, आणि त्यांच्या मूळ नियमाप्रमाणे १४ सप्टेंबरपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून रोज उपास. आपला चातुर्मास चार महिन्यांचा, यांचा सहा-सात महिन्यांचा. काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर वाढलेली माझी मैत्रीण हे कसं निभावते हा माझा पहिला प्रश्न होता आणि ती म्हणाली, रस्सा नाही गं, शेवभाजी आठवते.

आणि पोट भरायला काम करतातच की. पगार कोणी देत नाही. कुठे मेणबत्त्या, कुठे चर्चच्या कपड्यांचं शिवणकाम, आणि बऱ्याच मठांत मिस्सामधल्या ख्रिस्तप्रसादाच्या चकत्या. ते मैत्रिणीने मला नीट समजावून सांगितलं. गव्हाचं पीठ आणि पाणी, बास, मीठ नाही, खमीर नाही. पातळ भिजवायचं, दोन तापलेल्या लोखंडी तव्यांच्या मध्ये ओतून दाबायचं, की पांढरा कागदासारखा पापुद्रा निघतो. तो लगेच कापला तर तुकडे पडतात, म्हणून ओलसर हवेत ठेवून जरा नरम करायचा आणि मग गोल कापायचा. आपण बिबडे अर्धवट वाळले की उलटवतो ना, तसलाच अंदाज हाताला लागतो म्हणे. तिने अंदाजाचं बोलताना जाळीच्या पलीकडे दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली, तिच्या आजीची लकब, आणि माझा सगळा राग तिथेच उतरला.

आता मुख्य गोष्ट. मला वाटायचं की तिथे एकटेपणा असह्य होत असेल. मी तसं विचारलंसुद्धा. ती हसायला लागली. म्हणाली एकटेपणा कसला, इथे एकटं मिळणं हेच कठीण, त्याच वीसेक बायका, तीच खुर्ची, तीच शेजारीण, जन्मभर. एक जण दार आपटते, एक जण खोकते, एक जण स्तोत्र अर्धा सूर वर नेऊन म्हणते, आणि तुम्ही माहेरी जाऊ शकत नाही. अहो हे तर खटल्याचं घर झालं! फक्त इथे सासू, म्हणजे मठाची प्रमुख, प्रायोरेस, तीन वर्षांसाठी गुप्त मतदानाने निवडतात. तीन वर्षांनी सासू बदलायची सोय आपल्याला असती तर किती संसार सुखाचे झाले असते, हे सासूबाईंना वाचून दाखवू नका.

हे माणसांचं प्रकरण कार्मेलच्या या शाखेच्या संस्थापिकेने आधीच ओळखलं होतं. स्पेनमधल्या आविलाची तेरेसा, १५१५ चा जन्म. ती ज्या जुन्या मठात होती तिथे शंभराच्या वर बायका, श्रीमंत घरच्यांना वेगळ्या खोल्या, मोलकरणी, दिवसभर पाहुण्यांची वर्दळ. तिने १५६२ मध्ये गावातच छोटा मठ काढला, सुरुवातीला तेराच जणी घ्यायच्या असं ठरवलं, पुढे मर्यादा एकवीस केली, आणि घराण्याचे मानाचे किताब बंद केले. गप्पांनाही तिने वेळ दिला, रोज ठरलेला वेळ सगळ्यांनी एकत्र बसून हसायचं-बोलायचं, हाताने शिवण-टिपण चालू. माझी मैत्रीण म्हणते त्या तासाला जी रुसून बसते तिच्याबद्दल जास्त काळजी वाटते.

आणि लिझ्यूची तेरेझ, फ्रान्समधली कार्मेलचीच नन, पंधराव्या वर्षी १८८८ ला आत गेली आणि चोवीसाव्या वर्षी क्षयाने वारली. तिच्या आठवणींत काय आहे तर प्रार्थनेच्या वेळी मागे बसून सतत बारीक आवाज करणारी एक सिस्टर आणि कपडे धुताना हिच्या तोंडावर घाण पाणी उडवणारी दुसरी. चिडायचं नाही हीच तिची तपश्चर्या. मठाबाहेर पाऊल न टाकलेल्या या पोरीला १९२७ मध्ये चर्चने जगभरच्या मिशनकार्याची आश्रयदाती संत केलं, आता बोला. बाय द वे, तिच्या तीन सख्ख्या बहिणी आणि एक मामेबहीणही त्याच मठात होत्या.

शेजारच्या त्या मुलीच्या आईला एक गोष्ट जरूर सांगा, कारण ती कोणी सांगत नाही. आज गेली आणि उद्या दार कायमचं बंद, असं नसतं. रोमच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कायमचं व्रत घ्यायच्या आधी निदान नऊ वर्षं जावी लागतात, आधी एक वर्ष बघायचं, मग एक वर्ष उमेदवारी, मग दोन वर्षं पांढऱ्या ओढणीतली नॉव्हिस, म्हणजे शिकाऊ नन, मग निदान पाच वर्षं तात्पुरती व्रतं. मधे मुलगी परत येऊ शकते, आणि मठालाही वाटलं की हिचं हे नाही तर तेही तिला परत पाठवतात. एम.एस्सी.ला पाच वर्षं लागली असतील, इथे नऊ. घाई कोणाचीच नाही.

वाया जाण्याबद्दल मी तुम्हाला पटवणार नाही. मला अजून पूर्ण पटलेलं नाही. माझ्या मैत्रिणीची आई गेली तेव्हा ती आली नव्हती, त्या काळात तशी परवानगीच नव्हती, आता काही ठिकाणी गंभीर कारणाला मिळते. मी तिच्या आईच्या दहाव्याला उभी होते आणि ती नव्हती, हे मी विसरलेले नाही. पण मुलगी लग्न करून कॅनडाला गेली असती तर तिची आई रडली असती आणि शेजाऱ्यांनी पेढे वाटले असते, एवढं मात्र मला दिसतं.

प्रश्न (जळगावचा एक विद्यार्थी): त्यांच्याकडे मोबाईल असतो का? मतदान करतात का?

उत्तर: स्वतःचा नसतो, मठाचा एक फोन, हल्ली बऱ्याच ठिकाणी एक कॉम्प्युटर, चकत्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागतोच. डॉक्टरकडे आणि मतदानाला बाहेर पडतात. तू केलंस का मागच्या वेळी?

प्रश्न (चोपड्याहून एक आजी): मी दरवर्षी चैत्रात सप्तशृंगीला जाते. आमच्यासारख्यांनी त्या बायकांना प्रार्थना करा म्हटलं तर चालतं का? मंगळूरला असा मठ आहे असं नातू सांगतो. पैसे किती घेतात, आणि काय न्यायचं?

उत्तर: नातू बरोबर सांगतो, मंगळूरला १८७० मध्ये फ्रान्समधून आलेल्या बायकांनी कार्मेल काढलं. त्यांच्यातली मरियम बावार्दी, पॅलेस्टाइनची, जवळजवळ निरक्षर, तिला २०१५ मध्ये संतपद मिळालं. प्रार्थना कोणीही सांगू शकतं, चिठ्ठी लिहून द्यायची, धर्म विचारत नाहीत, रेटकार्ड नाही, द्यायचं ते दान. स्पेनमध्ये आणि फिलिपाइन्समध्ये तर लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून क्लारा संताच्या मठात अंडी नेऊन देतात. आपण इकडे धोंडी काढून पाऊस मागणारे, आपलं काय जमायचं त्यांच्याशी!

नेण्याचं म्हणाल तर फळं न्या, पण माझ्यासारखं करू नका. बऱ्याच मठांत दाराशी भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट असतं, आपण वस्तू आपल्या बाजूने ठेवायची, आतली बाई ते फिरवते आणि वस्तू आत जाते, तोंड दिसत नाही. मी रावेरहून केळीचा अख्खा घड नेला होता, मोठ्या ऐटीत. तो कपाटात आडवा अडकला, ना इकडे येईना ना तिकडे जाईना, आतून खुदखुद हसू ऐकू यायला लागलं, शेवटी पलीकडून कोणीतरी चाकू सरकवला आणि म्हणाली, फण्या सुट्या करा ताई, एकेक पाठवा.