शेपू आईला, बाळाला नाही

ताई, आधी मनापासून अभिनंदन! सासूबाई रोज शेपूची भाजी वाढतात, जेवणावर बाळंतशेपा चघळायला देतात आणि आता वीस दिवसांच्या बाळालाही बाळंतशेपाचं पाणी पाजू या म्हणतात, यातलं काय ऐकावं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या दोन गोष्टी निश्चिंतपणे करा. तिसरी करू नका.

बाळंतशेपा म्हणजे शेपूचंच बी. पाल्यापेक्षा त्यात तेल कितीतरी जास्त असतं. त्या तेलात कार्व्होन नावाचं द्रव्य असतं, शहाजिऱ्याच्या वासातही तेच. आतड्याचे आवळलेले स्नायू सैल करण्याचा गुण या तेलात आहे, म्हणून गॅस धरला की बाळंतशेपा चावल्यावर बरं वाटतं. बाळंतपणानंतर पोट जड राहतं, हालचाल कमी असते आणि त्यात डिंकाचे, अळिवाचे लाडू चालू असतात. अशा वेळी जेवणावर ही बाळंतशेपाची सुपारी, म्हणजे मुखवास, देण्याची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. काश्यपसंहितेत तर शतपुष्पा, म्हणजे शेपा, आणि शतावरी यांच्यावर स्वतंत्र अध्यायच आहे.

दूध वाढतं का? परंपरा हो म्हणते, पण त्याला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. बाळ जितक्या वेळा नीट पितं, तितकं दूध तयार होतं. तेव्हा भाजी आनंदाने खा, पण दूध कमी वाटलं तर शेपूवर विसंबून थांबू नका, बाळ नीट धरतंय का ते डॉक्टरांना दाखवा.

आता बाळाचं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इवल्याशा पोटात पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं, शिवाय जंतुसंसर्गाची भीती. सासूबाई म्हणतील, ग्राइप वॉटरमध्येही शेपूच असतो. खरं आहे. १८५१ साली इंग्लंडात विल्यम वुडवर्ड यांनी ते बनवलं तेव्हा शेपूचं तेल होतंच, पण सोबत खाण्याचा सोडा, साखर आणि अल्कोहोलही होतं! जुनं आहे म्हणून ते तान्ह्याला चालतं, असं नाही. ओवा, शेपा, वावडिंगाची धुरीही बाळाच्या खोलीत नको, त्याची फुप्फुसं फार नाजूक असतात.

भाजीला मंडईत कोवळी जुडी बघून घ्या. फुलं धरलेली घेऊ नका, ती उग्र लागते आणि देठ चावत नाहीत. पावसाळ्यात मुळाशी खूप माती असते, म्हणून आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि मग चिरा. भिजवलेली मूगडाळ, भरपूर ठेचलेला लसूण, मिरचीऐवजी मिरपूड. वर साजूक तूप आणि गरम ज्वारीची भाकरी. वास सोसत नसेल तर निम्मा पालक घाला. पण रोज एकच भाजी कशाला? आलटून पालटून मेथी, लाल माठ, दुधी असं होऊ द्या.

घरात कुणी वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेत असेल, तर त्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत. पुढच्या गरोदरपणात भाजी कधीमधी चालेल, पण बाळंतशेपाचा काढा घेऊ नका. पाळी आणण्यासाठी तो परंपरेने वापरला जातो.

सुपारी घरीच करा. मंडईजवळच्या काष्टौषधीच्या दुकानात बाळंतशेपा मिळतो. बडीशेप हिरवट आणि लांबट, हा चपटा, तपकिरी, कडेला फिकट. बाळंतशेपा, ओवा, तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर वेगवेगळं भाजा, शेवटी बडीशेप आणि थोडं सैंधव मिसळा. दोन्ही जेवणांवर अर्धा-अर्धा चमचा पुरे.